शाळेत वाईन घालणारे वारघडे मास्तर

"बाहेर ये मास्तर! शालंत वाईन घालतोस? पोरांच्या समोर?"

शाळेच्या फाटकात सोनीबाई उभी होती. हातात कुदळीचा दांडा, पदर कमरेला खोचलेला आणि पाठीमागे पाड्यातल्या दारूबंदीच्या सगळ्या बायका. सांगताना त्या पन्नास होत्या असं मी सांगतो. पाड्यात घरंच तेवीस, पण आकडा खाली आणायला माझं मन होत नाही. आदल्याच महिन्यात याच बायकांनी नाल्याकाठची हातभट्टी फोडली होती, आणि तिची मडकी इतकी बारीक केली होती की पुन्हा त्या मातीची पणतीसुद्धा झाली नसती. आता त्यांच्या कानावर आलं होतं की शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत वारघडे मास्तर रोज सकाळी वाईन घालतात, मग डबे चालू होतात, आणि मग पोरं दुपारपर्यंत उठत नाहीत. बातमी देणारी त्यांचीच पोरं. त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

मी त्या वेळी शाळेतला दुसरा शिक्षक होतो. दुसरा म्हणजे शेवटचा. मी प्रसंगावधान राखून पुस्तकांच्या कपाटामागे गेलो.

मास्तर बाहेर आले. अंगानं खारकेएवढे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, आणि आवाज मात्र असा, की ते पाड्यावर शिंकले तर सूर्यमाळला लोक कोण आलंय म्हणून दार उघडायचे. त्या आवाजात ते म्हणाले, "घातली. सकाळीच घातली. तिच्याबिगर चालत नाय."

दांडा वर गेला. मास्तर तसूभर हलले नाहीत. म्हणाले, मारायचं तर मार, पण आधी बघून घे. आणि त्यांनी सोनीबाईला दांड्यासकट आत नेऊन संगणकापुढे बसवलं. बाकीच्या बायका खिडकीत. माझं कपाट त्याच खोलीत असल्यामुळे मला सगळं दिसलं.

मास्तरांनी तिला विचारलं, खोडाळ्याच्या बाजारात तू मोहफुलं विकायला बसतेस, नाशकाकडचा व्यापारी हिंदीत बोलतो, तुला कळतं का? ती म्हणाली, नाय. मग कोण बोलतं? सून बोलते. सून दोन वर्षं भिवंडीला होती.

"सून काय करते? तुझा त्याला सांगते, त्याचा तुला सांगते. तू बदलत नाय, तो बदलत नाय. बाजार होतो. तसाच हा खेळ विंडोजचा. हा संगणकाचा डबा लिनक्सचा. दोघांना एकमेकांचा बोलणा कळत नाय. मधी सून पाहिजे. त्या सुनेचा नाव वाईन."

सोनीबाईनं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर एक धरण होतं आणि त्याच्या मागे पाणी चढत होतं. ती मग म्हणाली, "सुनेला दुसरा नाव नव्हता?"

"बापानं ठेवला. आपण काय करणार?"

दांडा खाली आला. त्या दिवसापासून आमच्या पाड्यात त्या कारभाराला सून हेच नाव पडलं.

वारघडे मास्तर वावरकडचे. कुपोषणानं पोरं गेली त्या वावर-वांगणीचं नाव काढलं की बाहेरची माणसं अजूनही आवाज खाली आणतात, चेहरा पाडतात, जणू मयताला आलीत. मास्तरांना ते सहन होत नसे. कुणी विचारलं, तुम्ही कुठले, की ते मुद्दाम ओरडून सांगायचे, "वावर!" आणि समोरच्याचा चेहरा पडायच्या आत पुढचा प्रश्न विचारायचे. जव्हारच्या पंचायत समितीत एकदा त्यांनी असं सांगितलं तेव्हा वरच्या मजल्यावरचा साहेब खाली आला, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

त्यांची बोलायची तऱ्हा पाड्याची होती. पाड्यात सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात. मास्तरला तू, तलाठ्याला तू, देवालाही तू. मी जव्हार गावातला, शाळेत पुस्तकी मराठी शिकलेला. पहिल्याच दिवशी पहिलीच्या पोरांसमोर उभा राहून मी अर्धा तास पाण्याचं महत्त्व समजावून दिलं. त्यातला त्यांना एकच शब्द कळला. ती एकेक करून उठून मला पाणी आणून देत राहिली. मी सात तांबे प्यालो. आठवा आला तेव्हा मास्तर मधे पडले. त्यांनी माझं सगळं बोलणं घरच्या भाषेत करून चार वाक्यांत सांगितलं. पोरं हसली, पाठ झाला. "तुझा बरोबर होता," ते मला म्हणाले, "पोरांचा पण बरोबर होता. मधी कोण नव्हता."

पस्तीस वर्षं त्या माणसानं तेवढंच काम केलं. मधे उभं राहायचं. पुस्तकातलं पोरांना सांगायचं, पोरांचं पुस्तकाला. त्यामुळे कुणाला त्यांना वाईन शिकवावी लागली नाही. संगणकाचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं ते दोन दिवसांचं, त्यातला पहिला दिवस उद्घाटनात गेला.

त्यांच्यावरची जोखीम मात्र मोठी होती. आमची शाळा खोडाळ्याच्या आत, डांबर संपतं तिथून पुढे तेवढंच चाललं की येते. पट कागदावर एकोणतीस. वीसच्या खाली पोरं दिसली तर शाळा बंद करून सगळ्यांना खोडाळ्याला पाठवायचं, असं केंद्रप्रमुख दर वर्षी बजावून जात. खोडाळ्याच्या वाटेत ओढा आहे. पहिली-दुसरीचं पोर ती वाट चालणार नाही हे केंद्रप्रमुखांनाही ठाऊक होतं आणि ओढ्यालाही. पण दिवाळी झाली की वीटभट्टीचे टेम्पो येत, आईबाप त्यात चढत आणि पोरंही चढत. केंद्रप्रमुख मोजायला येत ते नेमके त्यानंतर.

मास्तरांनी ठरवलं, आईबाप जायचे तर जाऊदेत, पोटाला लागतं. पोरं आजाआजीकडे राहिली पाहिजेत. आता पोराला टेम्पोत बसायचं नाही असं वाटावं यासाठी टेम्पोपेक्षा भारी काहीतरी शाळेत पाहिजे. ते मुंबईच्या एका कचेरीनं टाकून दिलेल्या नऊ संगणकांच्या रूपानं आलं. एक वाटेतच गेला. उरलेल्या आठांत मास्तरांनी विंडोजऐवजी लिनक्स घातलं, कारण ते फुकट होतं आणि त्या म्हाताऱ्यांना तेवढंच ओझं झेपत होतं. आणि खेळ आला तो पाण्यावर काम करणाऱ्या शहरातल्या एका संस्थेचा. नदी अडवायची, धरण बांधायचं, पाट काढायचे, प्रत्येक पाटाला गणित. चुकलं की शेत सुकलं.

आमच्या भागात धरणं काही कमी नाहीत. पाणी मोठमोठ्या नळांतून शहराला जातं आणि आम्हाला उन्हाळ्यात टँकर येतो. खेळात मात्र पाट हवा तिकडे वळवता यायचा. पोरांनी पहिल्याच दिवशी सगळे पाट पाड्याकडे वळवले. शहराला थेंब नाही. संस्था शहरातली, खेळ शहरातला, आणि त्यातलं शहर आमच्या तिसरीच्या वर्गानं तहानेनं मारलं. मास्तरांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

अडचण एवढीच, की खेळ विंडोजचा. म्हणून सून. पहिल्या दिवशी मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. मास्तरांनी अक्षरांची फाईल शोधून सुनेच्या खोलीत नेऊन ठेवली. सुनेला खोली असते हे मला तेव्हा कळलं. खेळ विचारतो, माझा सी ड्राईव्ह कुठाय? सून सांगते, हा काय. असतो एक साधा फोल्डर. खेळ त्यात सुखानं राहतो, आपण परक्या घरात आहोत हे त्याच्या गावीही नसतं. मास्तर हे सांगताना असे खूश व्हायचे, की जणू त्यांनीच ती चतुराई केली.

हे सगळं ते एका चुन्याच्या डबीत ठेवत. चपटी पत्र्याची डबी, तंबाखूवाल्यांकडे असते तशी. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, डबी सुटली नव्हती. त्यात कापसावर एक पेनड्राईव्ह. एखादा संगणक अडला की ते डबीवर दोनदा टिचकी मारत आणि म्हणत, "चालला पाहिजे." छान दिसलं पाहिजे नाही, पटकन झालं पाहिजे नाही. चाललं पाहिजे.

मला ती सून मान्य नव्हती. मी तेव्हा लिनक्सबद्दल जिथे दिसेल तिथे वाचत असे, आणि वाचलेलं सगळं मला तोंडपाठ होत असे. मी मास्तरांना सांगायचो, हे ठिगळ आहे. खेळ करणाऱ्यांनी मुळात लिनक्ससाठी खेळ करून दिला पाहिजे. मग मधे कुणी नको. आपला डबा, आपली भाषा. सुनेवर भागवत राहिलो तर ते कशाला करतील? मास्तर शांतपणे ऐकायचे. एरवी त्यांना शांत राहणं जमत नसे.

एकदा म्हणाले, "मधी एक पुस्तक आलेला. ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी मोठ्या शहरात बसून आमच्या पोरांसाठी त्यांच्या घरच्या भाषेत चित्रांचं पुस्तक छापलं होतं. मास्तर इतके आनंदले, की खोडाळ्याहून गठ्ठा स्वतः डोक्यावर घेऊन आले. वर्गात पान उघडलं. बोकडाचं चित्र, आणि खाली जो शब्द होता तो लांबच्या कुठल्यातरी पाड्यात बोकडाला म्हणत असतील, आमच्याकडे ती शिवी होती. तीही साधी नाही. पहिलीच्या वर्गानं ती एका सुरात वाचली. पाड्यातले म्हातारे लाठ्या घेऊन आले. मास्तरांनी दुरुस्तीसाठी सहा पत्रं पाठवली. पुस्तक करणारे दुसऱ्या कामाला लागले होते.

"आपल्या भाषेत असावा," मास्तर म्हणाले. "असावाच. पण लिहून देऊन निघून गेला तर तो आपला नाय. सून रोज घरात असते. चुकली तर सांगता येतं."

मी म्हटलं, ही जुनी गोष्ट झाली. आणि मी मास्तरांच्या सहीनं संस्थेला पत्रांवर पत्रं धाडली. माझ्या भाषेला धार आली होती. आणि चार महिन्यांनी खरोखर उत्तर आलं, सोबत खेळाची लिनक्सची आवृत्ती. मी ती हातात घेऊन पाड्याला फेरी मारायचाच बाकी होतो. सोनीबाईनं विचारलं, आता काय झाला? मी म्हटलं, सुनेची गरज संपली, घरची लेक आली.

लेक उघडली ती बाणासारखी. सुनेला लागायचे तेवढ्या वेळात लेकीनं नदी, डोंगर, झाडं, सगळं मांडलं. अक्षरं सुबक. मी मास्तरांकडे असं बघितलं की त्यांनी मला नमस्कारच करायला हवा होता. पोरांनी धरण बांधलं. वाट बघत बसली. पाणी येईना. आणखी उंच बांधलं. पाणी येईना. आठ दिवस आठ यंत्रांवर तिसरी-चौथीच्या पोरांनी अशी धरणं बांधली की जगात कुणी बांधली नसतील, आणि सगळी कोरडी. नवव्या दिवशी कळलं. लेकीत पाऊस घालायचा राहिला होता.

विंडोजच्या खेळात जून लागला की ढग यायचे. लेकीत जून यायचा आणि जायचा. मी संस्थेला कळवलं. उत्तर आलं की ज्यानं ही आवृत्ती केली तो आता तिथे नाही, पुढे बघू. त्याच महिन्यात विंडोजच्या खेळात नवा टप्पा आला, मोठं धरण. मास्तरांनी डबीवर दोन टिचक्या मारल्या आणि सून परत आणली. ढग आले. पोरं ओरडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जेवताना मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुझा बरोबर होता. लेक चांगलीच. पण पाऊस घालणारा माणूस पाहिजे. रोजचा."

त्या दिवाळीला त्यांनी पोरांना सांगून ठेवलं, सुट्टी संपली की मोठं धरण उघडणार. जो शाळेत असेल त्याला. टेम्पो शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी यायचा होता. मीही काहीतरी करावं म्हणून सुट्टीत खोडाळ्याहून पेनड्राईव्हवर एकदम ताजी वाईन आणली आणि आठही यंत्रांत घातली. जुनी काढून टाकली. मास्तरांना आनंदाचा धक्का द्यायचा होता. त्यातला धक्का तेवढा बसला.

शाळा उघडली, सव्वीस पोरं आली, आणि आठही पडदे काळे. ढग नाही, नदी नाही, काहीच नाही.

मास्तरांनी विचारलं, कुठली घातलीस? मी म्हटलं, नवी. जुनी? काढली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळा पुसला आणि पडद्यावर येणारी एकेक ओळ फळ्यावर लिहायला सुरुवात केली. इंग्रजी ओळ, खाली मराठी, खाली पोरांच्या भाषेत. सून काय म्हणते बघा, अमुक सापडत नाही म्हणते. कुठे ठेवलंय? पोरं सांगायची, पलीकडच्या खोलीत. मास्तर बघायचे. नाही. फळा तीनदा भरला. त्यांना समजलं ते असं, की नवी सून जास्त शिकलेली होती आणि हा खेळ जुन्या बोलीचा होता. दोष कुणाचाच नाही. मग डबी उघडली. कापसावरच्या पेनड्राईव्हमध्ये जुनी वाईन होती. ती एका झटक्यात बसेल असं मला वाटलं होतं, पण नव्या पसाऱ्यात ती पाय ठेवेना. मास्तरांनी नवं एकेक करून बाहेर काढलं. मधल्या सुट्टीतही उठले नाहीत. खिचडीची थाळी शेजारी सुकली. सोनीबाई दारात येऊन बसली होती. तिचाही नातू त्या सव्वीसांत होता, आणि त्याच्या आईचं गाठोडं बांधून झालं होतं.

दुपार कलल्यावर एका पडद्यावर नदी आली. मग ढग. मग पाऊस. घरात रेडा शिरावा तशी पोरं पाड्यात शिरली, धरण उघडलं म्हणून सांगत.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा पोरं शाळेच्या ओट्यावर पाय लोंबकळत बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सोनीबाई टेम्पोपुढे जाऊन उभी राहिली, हातात तोच दांडा. तिनं तो उचललाही नाही. म्हणाली, मोठी माणसा ने, पोरा म्हाताऱ्यांपाशी ऱ्हातील. पाच पोरं गेली, त्यांना घरी बघणारं कुणीच नव्हतं. केंद्रप्रमुख आले, त्यांनी मोजली. एकवीस. त्यांनी पुन्हा मोजली. तोपर्यंत एका पोरानं त्यांच्याच खुर्चीत बसून खेळातल्या शहराचं पाणी तोडलं होतं.

मास्तर त्यानंतरच्या मे महिन्यात निवृत्त झाले. सत्काराला जव्हारहून पाहुणे आले, भाषणं झाली, मास्तरांनी आवाजानं मंडप खिळखिळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. बस आली. मास्तरांनी खिशातून डबी काढली. मी हात पुढे केला. खरं सांगतो, मी हात पुढे केला होता. ती त्यांनी सोनीबाईच्या हातात ठेवली.

मला लागलं. ते त्यांना दिसलं. म्हणाले, "तू उद्या जव्हारला बदली मागशील. मागावीस पण. ती कुठे जाणार?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बदलीचा अर्ज माझ्या पिशवीत लिहिलेला होता. बस सुटली. मास्तर खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, फळा ओल्या फडक्यानं पुसू नको, तीन नंबरचा डबा उन्हात ठेवू नको, पहिलीच्या पोरांना पाण्यावर भाषण देऊ नको. बस वळणाआड गेली. आवाज येतच राहिला. मला अजूनही कधीकधी येतो, आणि ही अतिशयोक्ती नाही.

अर्ज मी दिला नाही. म्हणजे अजून दिलेला नाही.

गेल्या दिवाळीआधी चार यंत्रं दुरुस्तीला जव्हारला दिली होती. दुकानदारानं चांगुलपणानं आत सगळं ताजं करून दिलं. सुट्टी संपली, मी खोली उघडली, बावीस पोरं मागे उभी, दोन दिवसांनी टेम्पो, आणि चार पडदे काळे. मी मास्तरांना फोन लावला. वावरला रेंज नव्हती. मी फळा पुसला, एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि तिसरीला थांबलो. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं ते मला कळलंच नाही. सोनीबाई आता शाळा समितीची अध्यक्ष आहे, पण चपला ती अजून बाहेरच काढते. तिनं काळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कमरेची डबी सोडून टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, सोनीबाई, काय झालंय तेच समजत नाही.

ती म्हणाली, "नवी घातली असंल. जुनी घाल."